माटवी खंय बांधूची?

२०१६ च्या दिवाळीत काकी पहिल्यांदा आमच्या पुण्याच्या फ्लॅटवर आली. चप्पल काढली, पाणी प्यायली, हॉलभर नजर फिरवली आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "झिला, सामान अजून येवचा आसा काय रे?"

सामान सगळं आलेलं होतं. तेच तर दाखवायचं होतं मला! पांढऱ्या भिंती, एक करडा सोफा, भिंतीतूनच उगवल्यासारख्या दिसणाऱ्या दोन फळ्या, त्यांवर सहा पुस्तकं आणि एक कुंडी. टीव्हीच्या वायरी भिंतीच्या पोटात. कपाटांना हँडल नाही, दाबलं की उघडतात. (पाहुण्यांना बाथरूमचं दार सापडत नाही, हा भाग वेगळा.) ह्या सगळ्यासाठी मी दीड महिना रात्री जागून 'रिसर्च' केला होता, आणि त्या रिसर्चच्या मुळाशी एक जर्मन माणूस होता. डीटर राम्स.

आज लिहायचंय ते त्याच्याबद्दल, आणि मालवणच्या आमच्या घराबद्दल. ह्या दोघांचा काही संबंध असेल असं मला २०१८ पर्यंत वाटलं नव्हतं. मग वाटलं, पण जरा महागात पडून.

आमच्या धंद्यातल्या लोकांना राम्स माहीत असतो तो बहुधा ॲपलमुळे. २००७ च्या पहिल्या आयफोनमधला कॅल्क्युलेटर आठवतोय? गोल, फुगीर बटणं? तो ब्राऊन कंपनीच्या १९८७ च्या ईटी-६६ ह्या कॅल्क्युलेटरवरून घेतलेला. ईटी-६६ केला राम्स आणि त्याचा सहकारी डीट्रिश लुब्स ह्यांनी. पहिला आयपॉड आणि १९५८ चा ब्राऊनचा टी-३ हा खिशातला रेडिओ शेजारी ठेवून बघा, मग वेगळं सांगायला नको. ॲपलच्या जॉनी आईव्हने हे ऋण कधी लपवलं नाही. राम्सवरच्या २०११ च्या एका पुस्तकाला प्रस्तावनाही त्याचीच आहे. त्यामुळे आमच्या ऑफिसात कुणी 'क्लीन डिझाईन' म्हणालं की दोन मिनिटांत राम्सचं नाव निघतंच, आणि तीन मिनिटांत त्याची ती चांगल्या डिझाईनची दहा तत्त्वं. मी ती प्रिंट काढून क्युबिकलला लावली होती. हसू नका, तुमच्यापैकीही कुणी कुणी लावली असतील.

पण राम्स मुळात गॅजेटवाला नव्हे. जन्म १९३२, वीसबाडेन गावचा. आजोबा सुतारकामातले, आणि त्यांच्या हाताखाली पॉलिश करता करता पोराला लाकडाचं वेड लागलं. त्यानं शिक्षण घेतलं आर्किटेक्चर आणि इंटिरियरचं, मध्येच ते थांबवून सुतारकामाची उमेदवारीही केली. १९५५ मध्ये ब्राऊनने त्याला नोकरीवर घेतलं तेही आर्किटेक्ट आणि इंटिरियर डिझायनर म्हणून. म्हणजे आधी खोली, मग खोलीतली वस्तू. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. त्याच्या डोक्यात रेडिओ हा सुटा रेडिओ नव्हता, माणसं जिथे राहतात त्या खोलीचा तो एक भाग होता.

तेव्हाचे रेडिओ कसे असत ते आपल्यालाही ठाऊक आहे. आजोबांच्या घरी असायचा तसा: गडद पॉलिशचं खोकं, पुढे सोनेरी झाक असलेलं कापड, वर क्रोशाचं कव्हर. रेडिओ हे फर्निचरच होतं, आणि घरातल्या प्रतिष्ठेचा अर्धा भार त्याच्यावर. १९५६ मध्ये हान्स गुगेलोट आणि राम्स ह्यांनी ब्राऊनसाठी एसके-४ केला: रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकत्र, पांढरा पत्रा, दोन बाजूंना एल्मच्या लाकडाच्या फळ्या, आणि वर झाकण चक्क पारदर्शक ॲक्रिलिकचं. झाकण आधी पत्र्याचंच ठरलं होतं, पण आवाज वाढवला की ते खडखडायचं, म्हणून राम्सने ॲक्रिलिक सुचवलं. म्हणजे ज्या गोष्टीला आपण 'स्टाईल' म्हणतो ती मुळात एक बग-फिक्स होती :-) लोकांनी त्या यंत्राला नाव ठेवलं 'स्नो व्हाईटची शवपेटी'. चेष्टा होती, पण नाव चिकटलं, आणि पुढच्या तीसेक वर्षांत जगभरच्या रेकॉर्ड प्लेअरवर तेच पारदर्शक झाकण आलं.

आता माझ्या दृष्टीने त्याचं सगळ्यात मोठं काम. ते ब्राऊनसाठी नाही, फर्निचरच्या एका छोट्या कंपनीसाठी, व्हिट्सूसाठी, १९६० मध्ये केलेलं. ६०६ नावाची भिंतीवरची शेल्फं. अल्युमिनियमच्या उभ्या पट्ट्या भिंतीवर ठोकायच्या, पट्ट्यांना ठराविक अंतरावर भोकं, भोकांत पिना, पिनांवर फळ्या, ड्रॉवर, टेबल, काय हवं ते. घर बदललं की उतरवून घेऊन जायचं. दहा वर्षांनी पुस्तकं वाढली की चार फळ्या आणून जोडायच्या. आणि हे वाचून माझ्यातला इंजिनियर खुर्चीतून उठला: आज घेतलेली फळी १९६० च्या दशकातल्या पट्टीवर बसते. साठ वर्षांहून जास्त बॅकवर्ड कम्पॅटिबल! आम्ही तीन वर्षांपूर्वीची एपीआय मोडतो आणि रिलीज नोटमध्ये त्याचं कौतुक करतो.

राम्सचं ब्रीद होतं 'वेनिगर, आबर बेसर', म्हणजे कमी, पण अधिक चांगलं. 'लेस इज मोअर' हे वेगळं, ते आर्किटेक्ट मीस व्हान डेर रोहच्या नावावर चालतं. राम्सच्या वाक्यात एक 'पण' आहे. कमी असणं हीच काही गुणवत्ता नव्हे, कमी केलंत तर जे उरलं त्याची जबाबदारी वाढते, असा तो 'पण'. १९७१ पासून तो फ्रांकफुर्टजवळ क्रोनबेर्गला ज्या बंगल्यात राहत आला त्याचे फोटो मी पुष्कळदा बघितले होते. पांढऱ्या भिंती बघितल्या. ६०६ ची शेल्फं बघितली. ती शेल्फं पुस्तकांनी, फायलींनी, रेडिओंनी खच्चून भरलेली आहेत, हे मात्र माझ्या डोळ्यांना दिसूनही दिसलं नाही. खोली रिकामी नव्हतीच. वापरातली होती.

बरं, हे सगळं जर्मनीत कुठून आलं? एक धागा बाऊहाऊसचा, तो सगळे सांगतात. दुसरा मला जास्त जवळचा वाटतो. उल्म गावात इंगे शोल नावाची बाई होती. तिचा भाऊ हान्स आणि बहीण सोफी ह्यांना हिटलरविरुद्ध पत्रकं वाटली म्हणून १९४३ मध्ये मारून टाकलं होतं. युद्धानंतर त्या दोघांच्या स्मरणार्थ तिने, ऑटल आयखर आणि माक्स बिल ह्यांनी मिळून १९५३ मध्ये डिझाईनची एक शाळा काढली. ती १९६८ पर्यंत, म्हणजे पंधराच वर्षं चालली. झेंडे, मशाली, खांब, भपका हे सगळं कशासाठी वापरलं जातं ते ह्या लोकांनी घरातल्या माणसांच्या जिवावर बघितलं होतं. त्यांना साध्या वस्तू का हव्या होत्या हे त्यानंतर वेगळं समजावून घ्यावं लागत नाही. एसके-४ वाला गुगेलोट ह्याच शाळेत शिकवायचा, ब्राऊनला ही वाट लागली ती उल्मकडून.

शाळेकडे फर्निचरला पैसे नव्हते. म्हणून बिल, गुगेलोट आणि वर्कशॉपचा हिल्डिंगर ह्यांनी १९५४ मध्ये एक स्टूल केलं: तीन फळ्या आणि एक दांडा, बस्स. बसायला स्टूल, आडवं केलं की बुटकं टेबल, एकावर एक रचले की शेल्फ, उलटं धरलं की पुस्तकं वाहून न्यायचा ट्रे. त्या स्टुलाचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा मला पाट आठवला. फणसाची एक फळी, खाली दोन पट्ट्या. जेवायला बसायचं, नारळ खवताना बसायचं, पाहुणे गेले की भिंतीला उभा करून ठेवायचा. आमच्या घरी असे पाट अजून आहेत.

आणि हे उल्म आपल्याकडे थेट येऊन पोचलं होतं, आपल्या माणसाकरवी. सुधाकर नाडकर्णी, मुंबईच्या जे.जे. मधून शिकलेले, उल्मला गेले, तिथून प्रॉडक्ट डिझाईन शिकून परत आले आणि १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाईन सेंटर, म्हणजे आयडीसी, उभं करण्यात पुढे राहिले. पुढे गुवाहाटी आयआयटीतल्या डिझाईन विभागाच्या उभारणीतही त्यांचा हात होता. गुगेलोट स्वतः १९६५ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत येऊन गेला होता (त्याच वर्षी तो वारला, अवघा पंचेचाळिसाचा). एनआयडीची बातच वेगळी. १९५८ मध्ये भारत सरकारसाठी चार्ल्स आणि रे ईम्स ह्या अमेरिकन जोडप्याने अहवाल लिहिला, त्यात भारतातली सगळ्यात सुंदर वस्तू म्हणून त्यांनी निवडला लोटा, आणि तीन वर्षांनी ती संस्था निघाली. आपला साधा पाण्याचा लोटा! तो कुणा एकाने डिझाईन केलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या वापरून वापरून घडला, असं त्यांचं म्हणणं.

नाडकर्णींनी काय केलं? मुंबईतल्या दुधाच्या केंद्रावर काम केलं. पहाटे रांग लागायची, बाटल्या यायच्या, रिकाम्या परत जायच्या, त्या सगळ्या उठाठेवीला एक नीट खोपटं हवं होतं. मला हे फार आवडतं. उल्मचा विचार भारतात आला तो दिवाणखान्यात नाही आला, दुधाच्या रांगेत आला. (जाता जाता: तुम्ही वर्षानुवर्षं ज्या 'मंगल' फाँटमध्ये मराठी ब्लॉग वाचलेत, तो करणारे र. कृ. जोशी आयडीसीतच शिकवत. आणि २०१० मध्ये रुपयाचं चिन्ह काढणारे उदय कुमारही तिथलेच विद्यार्थी. असो, भरकटतोय.)

दिवाणखान्यात 'मिनिमल' आलं ते तीस-चाळीस वर्षांनंतर आणि वेगळ्याच वाटेने. आधी ॲपलच्या दुकानांचे फोटो, मग पिंटरेस्ट, मग फ्लॅटसोबत मोफत मिळणारा बिल्डरचा सँपल फ्लॅट, आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत आयकिया उघडलं तेव्हा तर जत्राच. ह्या प्रवासात कुठेतरी राम्सच्या वाक्यातला 'पण' आणि पुढचे दोन शब्द गळून पडले. उरलं 'कमी'. आणि कमीसुद्धा फक्त दिसायला. माझ्या त्या बिनहँडलच्या कपाटांमागे जे दडवलंय ते बघाल तर काकीची माळ्यावरची अडगळ परवडली.

आता मालवण.

आमचं घर गावाबाहेर, वायरीच्या बाजूला. पणजोबांनी बांधलेलं. चिऱ्याच्या भिंती दीड हात जाड, वर मंगलोरी कौलं. पुढे खळं, मग पडवी, मग माजघर. भिंतीत दिव्यासाठी कोनाडे, भांड्यांसाठी फडताळ, कपड्यांना एक आडवी दांडी. टेबल-खुर्च्या नावालाच. घरातले पुरुष मुंबईला, महिन्याला मनीऑर्डर, आणि तेवढ्यात सगळं. कुठल्याही मासिकात छापून येईल असं ते मिनिमलिस्ट घर होतं, फक्त तिथे राहणाऱ्यांना त्याची लाज वाटायची. रिकामं घर म्हणजे नड. म्हणून काकांनी मुंबईहून बोनसच्या पैशातून काय आणलं असेल? शोकेस. काचेची सरकती दारं असलेली, सनमायका मारलेली. काकी तिच्यात चाकरमान्यांनी आणलेली एकेक वस्तू मांडत गेली. फुलांचा कपबशांचा सेट, जो कधी वापरला नाही. सावंतवाडीची लाकडी फळं. प्लास्टिकची बाहुली. काका २००९ मध्ये गेले. शोकेस रोज पुसली जायची.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि तारकर्ली-देवबागला घराघरांत खोल्या निघाल्या. आम्ही भावंडांनी २०१८ च्या उन्हाळ्यात ठरवलं, आपणही दोन खोल्या काढू, घर जागतं राहील आणि काकीला सोबत होईल. प्रोजेक्ट मॅनेजर अर्थातच मी. एक्सेल शीट, रंगांचे नमुने, क्रोनबेर्गच्या बंगल्याचे फोटो. घर मुळातच राम्सच्या तोंडवळ्याचं आहे, फक्त 'स्वच्छ' करायचंय, असा माझा सिद्धांत. म्हणजे काय केलं? कोनाडे बुजवून भिंत सपाट केली. दांडी काढली. शोकेस भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवली. काकीला विचारलं होतं, नाही असं नाही. "तुमका बरा वाटात तसा करा," म्हणाली. ह्याचा अर्थ काय असतो हे आमच्या भागात पोरंसुद्धा ओळखतात. मी त्याला साईन-ऑफ समजलो.

आणि छत. वासे, रिपा, कौलं, कोळिष्टकं, हे सगळं कसं 'बिझी' दिसतं, नाही? म्हणून माजघरात आणि दोन्ही खोल्यांत जिप्समचं सपाट पांढरं फॉल्स सीलिंग. सुतारमेस्त्री बघायला आले होते. वर बघून म्हणाले, "वयरसून पाणी इला तर कळतला कसा?" मी त्यांना वॉटरप्रूफिंगबद्दल काहीतरी सांगितलं. ते हसले नाहीत, बोललेही नाहीत, बिडी पेटवून खळ्यात जाऊन बसले.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत. इथे थोडं कौलाबद्दल सांगायला हवं. आपण ज्याला मंगलोरी कौल म्हणतो ते काही पुराणकाळापासूनचं नाही. पूर्वी असायचे नळे, कुंभाराच्या हातचे अर्धगोल. खाचा एकमेकींत अडकणारं जोडकौल अल्सासमधल्या गिलार्दोनी बंधूंनी १८४१ च्या सुमारास काढलं, आणि मंगळूरला १८६५ मध्ये बाझल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने कारखाना घातला. बाझल स्वित्झर्लंडमधलं, पण मिशनचे बरेच लोक जर्मनीतल्या व्युर्टेंबर्गचे, आणि उल्मही त्याच मुलखात. योगायोगच आहे, त्यातून मी काही सिद्ध करत नाहीये. पण वस्तू बघा: कारखान्यात साच्यातून निघणारी, एका मापाची, कुणाच्याही हाताने बसणारी, फुटली तर तेवढीच बदलायची. माकड नाचलं, नारळ पडला, एक कौल फुटलं, तर माजघरात बसून वर बघितलं की उजेडाचा ठिपका दिसतो. आतूनच काठीने ढोसून सरकलेलं कौल जाग्यावर आणता येतं. मे महिन्यात शाकारणीला माणूस छपरावर चढतो आणि पावसाआधी सगळं परत नीट होतं. आमचं छप्पर हे आमच्या घरातलं ६०६ होतं, आणि मी त्याच्यावर पांढरा पडदा ओढला होता.

जुलैत पहिला डाग पडला असणार. काकीने फोनवर सांगितलं नाही. नंतर विचारलं तर म्हणाली, "तुझो इतको खर्च झालो, तुका काय सांगतलंय?" रात्री खाटेची जागा बदलत राहिली तेवढी.

१३ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. मी आदल्या दिवशी सकाळी पोचलो. दार उघडल्याबरोबर वास आला, भिजलेल्या पुठ्ठ्याचा. वर बघितलं तर माझ्या पांढऱ्याशुभ्र छतावर चहाच्या रंगाचे नकाशे आणि कडेने काळी बुरशी. मी काही बोलायच्या आत काकी बाहेर आली. तिला त्या डागांचं काही नव्हतं. तिच्या हातात माटवी होती.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात. तिला नारळ, सुपारी, कवंडाळ, तेरडा, आंब्याचे टाळे, रानातलं जे जे त्या दिवसांत मिळतं ते बांधतात. ही माटवी. रिकामी चौकट जेमतेम चार काठ्यांची, पण बांधून झाली की गणपतीवर अख्खं रान उतरल्यासारखं दिसतं. ती टांगायला माजघराच्या तुळईला चार लोखंडी कड्या आहेत. पणजोबांच्या वेळच्या. वर्षातले तीनशे साठ दिवस त्या कड्यांचं काही काम नसतं, आणि म्हणून मला त्या दिसल्या नव्हत्या. आता त्या जिप्समच्या वर होत्या.

"माटवी खंय बांधूची?" काकीने विचारलं.

आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होती. मी प्रोजेक्ट मॅनेजर होतो ना.

दुपारी मी आणि माझ्या चुलतभावाने स्टुलावर चढून करवतीने छत कापलं. चार कड्यांसाठी चार भोकं पाडू असा बेत होता. पहिल्याच भोकातून पाणी आलं, मग ओला गोळा होऊन पडलेला जिप्सम, मग वर अंधारात टॉर्च मारला तर काळा पडलेला वासा. नखाने खरवडला तर भुगा निघाला. एक कौल सरकलेलं होतं, एकच. उघड्या छपरात ते दुसऱ्या दिवशी दिसलं असतं आणि काठीने ढोसून दोन मिनिटांत बसलं असतं. इथे ते दोन-अडीच महिने गपचूप वासा भिजवत होतं. संध्याकाळपर्यंत माजघरातलं अर्धं छत आम्ही खाली काढलं, झाडलोट केली, आणि माटवी तिच्या कड्यांना बांधली. गणपती आले तेव्हा वर अर्धी कौलं आणि अर्धं पांढरं, असं ध्यान होतं.

त्या पाच दिवसांत मी राम्सची दहा तत्त्वं परत वाचली. मला पाठ होतं ते दहावं, शक्य तितकं कमी डिझाईन करा असं सांगणारं. पण त्याच यादीत आधी येतं की वस्तूने आपण कशी चालतो ते स्वतःच सांगितलं पाहिजे. प्रामाणिक असलं पाहिजे, नसलेले गुण मिरवू नयेत. टिकलं पाहिजे. ह्या हिशोबाने आमचं जुनं छप्पर पास होतं आणि माझं सीलिंग तिन्ही विषयांत नापास. एसके-४ चं पारदर्शक झाकण कशासाठी होतं? आतलं दिसावं हीच तर त्याची गंमत. मी मात्र राम्सचं नाव घेऊन आतलं सगळं झाकलं. हे त्याच्या नावावर खपवणं चूक आहे आणि मी एकटाच ते करत नाहीये, म्हणून हा लेख. तुमचा इंटिरियरवाला 'मिनिमल लूक' म्हणाला तर त्याला एवढंच विचारा की नळ गळला तर तो पॅनेल न फोडता बदलता येईल का.

खुद्द राम्सलाही हे दिसत होतं. जगात नको त्या वस्तूंचा ढीग झालाय आणि त्यात डिझायनरांचाही हात आहे, असं तो उतारवयात परत परत सांगत आला. २०१८ मध्येच त्याच्यावर गॅरी हस्टविटची एक डॉक्युमेंटरी आली, तीत तो बराच खिन्न वाटतो. स्वतःच्या नावाने खपणाऱ्या पांढऱ्या खोल्या बघून माणसाला दुसरं काय होणार?

पुढच्या मे महिन्यात उरलेलं सीलिंग काढलं. मेस्त्री तेच. त्यांनी दोन वासे आणि काही रिपा बदलल्या. कौलं विकत आणावी लागली नाहीत. परसात जुन्या गोठ्याची रचून ठेवलेली होती, शेवाळ धरलेली. उलटी करून बघितली तर पाठीवर तीन वेगवेगळ्या कारखान्यांचे ठसे. एखाददुसरं बसायला कुरकुरलं, बाकी सगळी बसली. मजुरी देताना मी मेस्त्र्यांना म्हटलं, तुम्ही सांगितलं होतंत. ते म्हणाले, "होय तर." एवढंच.

१६ मे २०२१ ला तौक्ते वादळ मालवणच्या किनाऱ्यावरून गेलं. आमची तीसेक कौलं उडाली. काकीने रात्र शेजाऱ्यांकडे काढली. तिसऱ्या दिवशी घर परत शाकारलेलं होतं, त्याच परसातल्या ढिगातून, आणि मी तेव्हा पुण्यात लॉकडाऊनमध्ये लॅपटॉपसमोर बसून होतो. माझी गरजच पडली नाही.

खोल्या आता चालतात. भिंतींना चुना मारलाय, तो पांढरा मात्र मला ठेवू दिला. कोनाडे परत उकरले. पाहुणे त्यांत मोबाईल चार्जिंगला ठेवतात आणि फोटो काढतात. दांडी परत लावली. पाट आहेत.

शोकेसचं काही करता आलं नाही. कुडाळच्या भंगारवाल्याकडे मी दोनदा जाऊन आलो. काच कधीच विकली गेली होती, लाकूड जळणात. कपबशा काकीने आधीच काढून एका पिंपात ठेवल्या होत्या, गोधडीत गुंडाळून, हे मला खूप नंतर कळलं. माजघरातल्या लाल कोब्यावर तिच्या चार पायांच्या जागी चार चौकोन अजून उजळ दिसतात. मागच्या गणपतीत मी म्हटलं, काकी, नवी घेऊया का, तशीच, सरकत्या काचांची. ती माटवीचे नारळ बांधत होती. वळूनही न बघता म्हणाली, "आता कित्याक?"